ड्रोन गावात आला, पण तो बघणार कोणासाठी?

आपल्याकडे ड्रोन म्हटलं की दोन चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक लग्नातलं, नवरदेवाच्या डोक्यावर घोंघावणारं. दुसरं कृषी प्रदर्शनातलं, पांढऱ्या टाकीतून पाण्याचा फवारा सोडणारं, आणि बाजूला फोटोसाठी उभे असलेले पाहुणे. तिसरं चित्र अजून कुणी फारसं दाखवलेलं नाही आणि आज त्याबद्दलच लिहायचं आहे. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत ड्रोनचा सगळ्यात मोठा उपयोग औषध फवारायला नाही, मोजायला आहे. तलाव किती उरला, गाळ किती निघाला, वणवा कुठे लागला, हत्तींनी धान किती तुडवला, हे मोजायला. आणि त्या मोजणीची नोंद गावाच्या हातात राहिली तरच त्यातून गावाचं पोट चालेल. नोंद दुसऱ्याच्या हातात गेली, तर तोच ड्रोन उद्या आपल्याच बायाबापड्यांवर पाळत ठेवायला वापरला जाईल.

आधी फवारणीचं बोलू

फवारणीच्या ड्रोनला मी नावं ठेवणार नाही. २०१७ चा यवतमाळचा खरीप आपण कुणीच विसरलेलो नाही. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, पाठीवर पंप, अंगावर साधा सदरा, आणि विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. माणूस पिकाच्या आत न शिरता फवारणी होत असेल, तर ती गोष्ट मोलाचीच आहे. कपाशी आणि तुरीच्या उंच उभ्या पिकात, चिखल झालेल्या वावरात ड्रोन कामाचा आहे, यात वाद नाही.

केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'नमो ड्रोन दीदी' योजना सुरू केली. १,२६१ कोटींची तरतूद, २०२३-२४ ते २०२५-२६ या काळात १५,००० महिला बचत गटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के म्हणजे जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान, बाकीची रक्कम कर्जाने आणि त्या कर्जाच्या व्याजात ३ टक्क्यांची सवलत. गटातल्या एका ताईला १५ दिवसांचं प्रशिक्षण. आणि गटाला वर्षाला किमान एक लाख रुपये जादा मिळतील, ही अपेक्षा.

आता हिशेब करून बघू. समजा एकरी ४०० रुपये भाडं मिळालं. एक लाख रुपये हातात यायला २५० एकर लागतात, आणि तेही खर्च शून्य धरून. ड्रोन, बॅटऱ्या, पाणी आणि औषध वाहून न्यायला गाडी लागते. गाडीला डिझेल लागतं, सोबत एक माणूस लागतो, बॅटऱ्या झिजतात, कर्जाचा हप्ता असतो. म्हणजे प्रत्यक्षात चारशे-पाचशे एकरांचं काम हवं. आपल्याकडे फवारणीचा खरा हंगाम जुलै ते ऑक्टोबर. त्यात पावसाचे दिवस वजा करा, वाऱ्याचे दिवस वजा करा. रब्बीत थोडं हरभऱ्याचं काम मिळेल. मग फेब्रुवारी ते जून, पूर्ण पाच महिने, दहा लाखांचं यंत्र ताडपत्रीखाली आणि हप्ता मात्र चालू. हे गणित मांडलं तर त्या ताईंवर टीका होत नाही. यंत्राला एकच काम देऊन आपण त्यांना अर्ध्या वर्षाचा रोजगार दिलाय, एवढंच त्यातून दिसतं.

दुसरी एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. पाठीवरच्या पंपाने एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनला आठ-दहा लिटर. पाणी वाचतं ही जाहिरात खरी आहे. पण औषधाची मात्रा तीच राहते, म्हणजे थेंब कितीतरी पटींनी तीव्र होतो. असा तीव्र, बारीक थेंब वाऱ्याने शेजारच्या बोडीत गेला तर मासे, आणि मधमाश्यांच्या पेटीवर गेला तर माश्या. शिवाय जे शेतकरी जीवामृत किंवा दशपर्णी अर्क वापरतात, त्यांचं काय? एकरी २०० लिटर जीवामृत द्यायचं तर दहा लिटरच्या टाकीच्या वीस खेपा. पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क दहा लिटरमध्ये देऊन भागत नाही. थोडक्यात, हे यंत्र बाटलीतल्या तीव्र औषधाला सोयीचं आहे आणि घरी केलेल्या निविष्ठांना गैरसोयीचं. सुरुवातीच्या टप्प्यातले ड्रोन खत कंपन्यांमार्फत वाटले गेले, हेही लक्षात ठेवा. त्यात कुणाचा कट आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या हाताने यंत्र येतं, त्याच्या मालाला ते आधी जुळतं, हा साधा व्यवहार आहे.

आपली कमाई नेमकी कशावर चालते?

'पर्यावरणपूरक ग्रामीण अर्थव्यवस्था' हा शब्द भाषणात जड वाटतो. आपल्या भाषेत सांगायचं तर मार्चमध्ये मोहफूल, एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता, पावसाळ्यात सात्या आणि रानभाज्या, तलावातले मासे, तलावाच्या पाण्यावरचा धान, आणि हक्क मिळालेल्या गावांत बांबू. ही सगळी कमाई जंगल, पाणी आणि माती शाबूत असेल तरच होते. त्यात बियाणं विकत घ्यायचं नसतं, पण राखण करावी लागते. आणि राखण करायची तर आधी माहीत पाहिजे की आपल्याकडे आहे काय आणि कमी काय होतंय.

इथेच हलका, दोन किलोच्या आतला कॅमेऱ्याचा ड्रोन कामाला येतो. तो फवारणीच्या ड्रोनपेक्षा स्वस्त असतो, पिशवीत मावतो, एका बॅटरीत वीस-पंचवीस मिनिटं उडतो. ठरवून दिलेल्या रेषांवर जात तो एकावर एक येणारे शेकडो फोटो काढतो. मग संगणकावर ते जोडले की वरून बघितलेला एक अखंड नकाशा तयार होतो. जमिनीवर काही खुणा आधी मोजून ठेवल्या असतील तर त्या नकाशावर लांबी, क्षेत्रफळ आणि उंचसखलपणासुद्धा मोजता येतो. जादू काही नाही. मोजणीच्या साखळीने जे व्हायचं, तेच काम वरून आणि लवकर.

मामा तलावाचं उदाहरण घ्या

माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव. गोंड राजांच्या काळात, कोहळी समाजाच्या कसबाने बांधलेले हे हजारो तलाव या चार जिल्ह्यांत आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. लोकांचा निस्तार राहिला, पण राखण करणारं कुणी राहिलं नाही. मग काय झालं ते आपण डोळ्यांनी बघतोय. काठाने वावर आत सरकत गेलं, पाळ फुटली, बेशरम आणि जलपर्णीने पाणी झाकलं, गाळाने तळ वर आला.

आता ढीवर बांधवांच्या मासेमारी संस्थेची अडचण बघा. ठेका कागदावरच्या तलावाचा, मासे मात्र उरलेल्या तलावात. किती उरला, हे सांगायला त्यांच्याकडे काहीच नाही. तक्रार केली तर साहेब विचारतात, पुरावा काय?

एप्रिल-मे महिन्यात तलाव आटलेला असतो तेव्हा एक उड्डाण केलं, की काठावरचं अतिक्रमण, बेशरमीचा पसारा, पाळीची खचलेली जागा आणि उघडा पडलेला तळ, सगळं एका नकाशावर येतं. हंगाम महत्त्वाचा आहे. साध्या कॅमेऱ्याला पाण्याखालचं दिसत नाही, म्हणून हे काम उन्हाळ्यातच करायचं.

तिथून पुढची गोष्ट आणखी कामाची. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावातून गाळ काढला जातो. किती निघाला? बिलात लिहिलाय तितका. उपसा सुरू होण्याआधी एक उड्डाण आणि संपल्यावर दुसरं उड्डाण केलं, तर दोन नकाशांतल्या उंचीच्या फरकावरून किती घनमीटर गाळ गेला याचा चांगला अंदाज निघतो. कंत्राटदार प्रामाणिक असेल तर त्याचंही भलं, बिल अडणार नाही. आणि नसेल तर ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावा, बोलायची गरज पडणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो. गावाने केलेला ड्रोनचा नकाशा म्हणजे भूमी अभिलेख खात्याची मोजणी नव्हे. कोर्टात अतिक्रमण काढायला सरकारी मोजणीच लागेल. पण ती मोजणी मागायला, आणि मागितल्यावर टाळता येणार नाही अशी मागायला, हा नकाशा पुरेसा आहे.

आणि सरकारला हे तंत्र नवीन नाही. 'स्वामित्व' योजना २४ एप्रिल २०२० ला जाहीर झाली. ड्रोनने गावठाण मोजून लोकांना घरांची मिळकत पत्रिका देण्याचं काम त्यात चालू आहे. आपल्या राज्यात तर पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात ते त्याआधीच करून बघितलं होतं. घर मोजायला ड्रोन येतो, मग गावठाणाच्या बाहेर पाचशे पावलांवर असलेला तलाव, गायरान, चराई मोजायला का येत नाही? घर एकाचं असतं, त्याच्यामागे मालक उभा असतो. तलाव सगळ्यांचा असतो. म्हणून त्याच्यामागे ग्रामसभेला उभं राहावं लागतं.

जंगलाचं काय?

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टरवर हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले, आणि हा इतिहास देशभर सांगितला जातो. त्यानंतर गडचिरोलीत शेकडो ग्रामसभा या वाटेने गेल्या. पण हक्काबरोबर जबाबदारीही येते. कायद्याच्या कलम ५ मध्ये जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याची ताकद ग्रामसभेला दिली आहे. काठी घेऊन फिरणारे चार जण हजारो एकर किती राखतील?

वणवा घ्या. वनविभागाच्या दृष्टीने १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. कुणी मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो, कुणी तेंदूला चांगली पालवी यावी म्हणून आग लावतो, आणि ती हाताबाहेर जाते. उपग्रहावरून आगीच्या सूचना मोबाइलवर येतात, ही चांगली सोय आहे. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो, आणि सूचना येते तोवर आग पुढे गेलेली असते. आग कुठल्या नाल्यापर्यंत आली, कुठून जाळरेषा काढायची, पोरांना कुठल्या बाजूने पाठवायचं, हे दहा मिनिटांत सांगायला ड्रोन उपयोगी पडतो. आग विझवणार माणूसच, पण तो डोळे झाकून धुरात शिरणार नाही.

दुसरं, नुकसानभरपाई. २०२१ मध्ये छत्तीसगडातून रानटी हत्ती गडचिरोलीत आले, तेव्हापासून कापणीला आलेला धान तुडवल्याच्या बातम्या आपण वाचतोय. रानडुकरांचं तर विचारूच नका. पंचनामा व्हायला दिवस जातात, तोवर बांधीतलं चित्र बदलतं. सकाळीच वरून तारीख-वेळेसह आणि ठिकाणाच्या नोंदीसह फोटो घेतला, तर किती बांध्या गेल्या याचा वाद कमी होतो.

मर्यादाही सांगायला पाहिजेत. घनदाट जंगलात वरून फक्त शेंडे दिसतात, खालचं काही नाही. मेंढ्याएवढं क्षेत्र एका दिवसात होत नाही, भाग पाडून करावं लागतं. पक्ष्यांना त्रास होतो तो वेगळाच. गोंदिया-भंडाऱ्यात जे थोडे सारस उरलेत, ते पावसाळ्यात धानाच्या बांधीत आणि तलावाकाठी घरटी करतात. त्या काळात तिथे ड्रोन उडवणं म्हणजे सारस वाचवायच्या नावाखाली त्याची अंडी वाऱ्यावर सोडणं.

आता ज्याची मला खरी भीती वाटते ते

उत्तराखंडच्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाबद्दल केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांचा अभ्यास २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. वाघ मोजायला लावलेले कॅमेरे आणि ड्रोन तिथल्या बायांवर कसे वापरले गेले, ते त्यात मांडलंय. सरपण, गवत आणायला जंगलात गेलेल्या बायांच्या डोक्यावर मुद्दाम ड्रोन उडवले गेले, त्यांनी घाबरून निघून जावं म्हणून. शौचाला गेलेल्या एका बाईचा कॅमेऱ्यातला फोटो गावच्या मोबाइलवर फिरला. जंगलात जाणं हा त्या बायांचा हक्क होता. जंगल हीच त्यांची घराबाहेरची मोकळी जागा होती, तिथे त्या गाणी म्हणायच्या, मनातलं बोलायच्या. कॅमेरे आले आणि त्यांचा आवाज खाली आला.

आता आपल्याकडचा विचार करा. मार्चमध्ये पहाटे चारला टोपली घेऊन मोहाखाली कोण जातं? बायाच. सात्या शोधायला, सरपणाला कोण जातं? बायाच. त्यांच्या डोक्यावर कुणाचा तरी ड्रोन फिरायला लागला आणि त्या फोटोंवर त्यांचा काहीच ताबा नसला, तर वनहक्काच्या कागदाला अर्थ काय राहिला?

'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही मेंढ्याची घोषणा आपल्याला पाठ आहे. ती गावावरच्या चारशे फुटांपर्यंतसुद्धा नेली पाहिजे, असं माझं मत आहे. ड्रोन कधी उडणार, कुठे उडणार, फोटो कुठे ठेवणार, कुणाला दाखवणार, हे ग्रामसभेने ठरवायचं. आणि त्या ठरावात बायांचा शब्द शेवटचा असला पाहिजे.

उडत्या वाहतुकीचं स्वप्न

काही जण म्हणतील, चीन बघा. तिथे कमी उंचीवरच्या उड्डाणांची अर्थव्यवस्था हे धोरणच झालंय, २०२४ च्या त्यांच्या सरकारी कार्य अहवालात ते आलं. छोंगछिंगच्या डोंगरउतारांवरची संत्री ड्रोनने खाली आणतात. व्हिडिओ मीही बघितलेत. पण वरूड-मोर्शीच्या संत्र्याची अडचण ती नाही. आपल्या बागेत ट्रॅक्टर जातो. आपली अडचण फळगळ, खालावलेलं भूजल आणि भाव. दुसऱ्याच्या डोंगराचं उत्तर आपल्या सपाटीवर आणून ठेवलं तर फोटो छान येतील, संत्रा उत्पादकाच्या हाती काही येणार नाही.

वाहतुकीसाठी ड्रोन आणायचाच असेल तर भामरागडला आणा. दर पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येतो आणि तालुका तुटतो. तोच काळ रोवणीचा, तोच सर्पदंशाचा. मणिपूरमध्ये ४ ऑक्टोबर २०२१ ला लोकटाक सरोवरातल्या कारंग बेटावर ड्रोनने लस पोहोचवली होती. रस्त्याने २६ किलोमीटर, हवेतून १५ किलोमीटर, आणि वेळ १२ ते १५ मिनिटं. सर्पदंशावरचं औषध असं पुरापलीकडे गेलं तर एक जीव वाचतो आणि त्याच्यावर उभं असलेलं घर वाचतं. मोहफुलाची पोती मात्र बैलगाडीनेच जाऊ द्या, त्यात काही बिघडत नाही.

नियम काय सांगतात?

२०२१ च्या ड्रोन नियमांनी बरंच सोपं केलंय. सरकारी डिजिटल स्काय नकाशावर हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. दोन किलोपर्यंतचा ड्रोन व्यावसायिक कामासाठी वापरत नसाल तर पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही. पैसे घेऊन काम करायचं असेल तर लागतं, त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण या अटी आहेत. ड्रोनची नोंदणी आणि त्याचा ओळख क्रमांक मात्र हवाच. नकाशे तयार करण्यावरचे जुने निर्बंधही फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी बरेच सैल केले आहेत.

पण सावध राहा. गडचिरोलीत सुरक्षेच्या कारणाने स्थानिक बंदी असू शकते, म्हणून पोलिसांना कळवल्याशिवाय काही करू नका. अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात वनविभागाच्या परवानगीशिवाय नाहीच. आणि कुणाचा तरी नोंदणी नसलेला लग्नातला ड्रोन मागून आणून सुरुवात करू नका. परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, उगाच पोरं अडचणीत येतील.

मग मागायचं काय?

माझ्या मते पाच गोष्टी.

१. ड्रोन दीदींना दुसरं काम द्या. ज्या ताईला फवारणीचं प्रशिक्षण मिळालंय तिला आणखी थोडं शिकवून मोजणीचं काम द्या, सोबत एक हलका कॅमेऱ्याचा ड्रोन द्या. फवारणी जुलै ते जानेवारी, तलाव आणि वणवा फेब्रुवारी ते जून. दोन्ही हंगाम एकमेकांना तंतोतंत जुळतात. त्या गटाला बारमाही कमाई होईल.

२. गाळ काढण्याच्या प्रत्येक कामाला आधीचं आणि नंतरचं उड्डाण सक्तीचं करा, आणि ते कंत्राटदाराच्या माणसाकडून नाही, बचत गटाकडून. त्याचे पैसे कामाच्या अंदाजपत्रकातच धरा.

३. नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक मासेमारी संस्थेकडे किंवा वनहक्क व्यवस्थापन समितीकडे. मागेल त्या गावकऱ्याला बघायला मिळाली पाहिजे.

४. जंगलावर उड्डाण करायचं तर आदल्या दिवशी दवंडी किंवा मोबाइलवर निरोप. मोहफुलाच्या वेळेत, पहाटे, बाया जंगलात असताना उड्डाण नाही. माणूस ओळखू येईल असा फोटो ठेवायचा नाही. हा नियम वनविभागालाही लागू व्हावा.

५. फवारणीच्या ड्रोनला तलाव, विहीर, मधपेट्या आणि सेंद्रिय शेतापासून अंतराचं बंधन, आणि शेजाऱ्याला आधी सांगण्याचं बंधन. कृषी विद्यापीठाने जैविक निविष्ठा ड्रोनला जुळतील अशा कशा करता येतील यावर काम करावं. नाहीतर एका हाताने सेंद्रिय शेतीचं अनुदान आणि दुसऱ्या हाताने सेंद्रिय शेती अवघड करणारं यंत्र, असं चालू राहील.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. योजना आहेत, नियम आहेत, प्रशिक्षित ताई आहेत, पैसेही आहेत. ते एकमेकांना जोडायचं कुणी बघितलेलं नाही, कारण कृषी खात्याचा ड्रोन कृषी खात्याचा, जलसंधारणाचा तलाव जलसंधारणाचा आणि जंगल वनविभागाचं. गावात मात्र हे तिन्ही एकाच माणसाच्या पोटाशी जोडलेले असतात.

१ मे ला ग्रामसभा असते. तलाव तेव्हा आटलेला असतो, मोजायला हीच वेळ. एक साधा ठराव मांडा: आमच्या गावच्या तलावाची ड्रोनने मोजणी व्हावी आणि नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. विषय पत्रिकेवर घ्यायला आठ दिवस आधी ग्रामसेवकांना लेखी द्या आणि पोच घ्या. ठरावाचा मसुदा हवा असेल तर सांगा, पाठवतो. आणि तुमच्या गावच्या मामा तलावाचं नाव, त्याची आजची अवस्था खाली लिहा. यादी झाली की आपण ती घेऊन जिल्हा परिषदेत एकत्र जाऊ.